पुढच्या गावापर्यंत

नंदा परब गेल्याचं कळलं तेव्हा मी पार्ल्याला बहिणीकडे चहा घेत होते. नंदाच्या मुलाचा, अमेयचा, फोन आला. "मावशी, आई गेली." त्याचा आवाज नीट होता, माझाही. मी चहा संपवला आणि मग निघाले. याला आता दीड महिना झाला. तो चहा मी का संपवला, ते अजून कळलेलं नाही…

मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत सव्वीस वर्षं राहिलो. ती औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगची सुपरवायझर, मी विम्याच्या कचेरीत. माझे मिस्टर गेले त्या वर्षी मी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. एका रविवारी ती गवार निवडायला माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "मी रिटायर झाले की रेवसपासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत वेंगुर्ल्याला जाणारे, माहेरी. तू येतेयस." तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

त्याप्रमाणे निघालो. दोघींचीही पन्नाशी कधीच उलटलेली. दहाव्या दिवशी दाभोळच्या जेटीवर मी बूट काढले. टाचांना फोड आले होते, अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. "बस्स नंदा. मी घरी जाते." ती वाद घालेल असं वाटलं होतं. तिने माझ्या टाचेला पट्टी लावली आणि म्हणाली, "जा ना. पण एसटी गुहागरहून बरी पडेल. खाडी ओलांडून तिथवर तर चल." गुहागरला गाडी नुकतीच गेली होती, असं ती कोणाला तरी विचारून येऊन म्हणाली. पुढच्या गावाहून सकाळची मिळेल, म्हणाली. तिथे पोचल्यावर त्याच्या पुढच्या… तिसऱ्या गावात माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"तू मला फसवतेयस गं."

"मग? फसतेयस ना? चल."

वेंगुर्ल्याला तिच्या वहिनीने दारातच विचारलं, "चलत इलात? एसटी बंद होती काय गो?" जेवणं झाल्यावर पडवीत पाय पसरून बसलो, तेव्हा नंदा म्हणाली, "दाभोळला मलाही परत फिरायचं होतं. तू आधी बोललीस, म्हणून माझं राहून गेलं." एवढंच बोलून ती सुपारी कातरत बसली. त्या प्रवासानंतर मी पुन्हा माणसांत जायला लागले.

गेल्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. उपचारांचे चार फेरे झाले. पाचव्याला ती नाही म्हणाली. अमेय माझ्याकडे आला, "मावशी, आई तुझं ऐकेल." मी गेले. तिच्या पलंगाशी बसून म्हटलं, "फक्त पुढच्या बुधवारपर्यंत बघू या. मग ठरव." ती हसली. हसताना तिला दुखत होतं.

"ए, ही माझी आयडिया आहे. मलाच कुठे विकतेस?" मग म्हणाली, "या वेळी नको गं. या वेळी मी बसते."

मी बरं म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं नाही. अमेय दोनेक आठवडे माझ्याशी बोलत नव्हता. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आणखी थोडं रेटलं असतं तर कदाचित ती उठलीही असती… पण तिचे सुजलेले पाय मला दिसत होते. पुढचे अडीच महिने ती घरीच होती. सुरमई मागायची, दोन घास खायची, टीव्हीवरच्या मालिकेतल्या सासूला शिव्या द्यायची.

परवा पहाटे जाग आली म्हणून खाली उतरले. सोसायटीचं मागचं छोटं फाटक उघडं होतं. वॉचमन यादवला विचारलं, इतक्या लवकर कोणासाठी? तो जरा ओशाळला. नंदा रोज पावणेसहाला फिरायला तिथूनच बाहेर पडायची. ती आजारी पडल्यावरही त्याने फाटक उघडायचं बंद केलं नव्हतं आणि आताही हात आपोआप कडीकडे जातो, म्हणाला. "बंद करू का?"

मी नको म्हटलं आणि बाहेर पडले.