चालतं कुंपण

आमच्या एल चापेर्नो गावात कुणाचा इसोते पिवळा पडला की लोक आधी पाणी घालतात, मग आणखी पाणी घालतात, आणि तो पार मान टाकतो तेव्हा निन्या एउदेलियाच्या दारात येऊन उभे राहतात. निन्या म्हणजे खरं तर पोर, पण आमच्याकडे पन्नाशी उलटलेल्या बाईलाही मानानं तसंच म्हणतात. शहरातले लोक याच झाडाला युक्का म्हणतात, भोक नसलेल्या गुळगुळीत कुंडीत लावून बैठकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवतात, आणि वर विचारतात, याला काय झालं हो? एउदेलिया आधी त्यांची चांगली हजेरी घ्यायची. तुम्हाला कोपऱ्यात कोंडून दिवसभर पाणी पाजलं तर तुम्ही काय नाचाल का, असं तोंडावर विचारायची. मग कुंडीजवळ उकिडवी बसून खोड अंगठ्यानं दाबून बघायची. टणक लागलं तर ऊन दाखवा म्हणायची. मऊ लागलं तर कोयता काढायची.

कोयता मात्र याच बाईनं चालवावा. कुजका भाग उतरवत उतरवत आतला पांढराशुभ्र गर लागेपर्यंत कापायचं, कापल्या जागी चुलीतली राख चोळायची, आणि तो सोटा पंधरा दिवस सावलीत नुसता पडू द्यायचा. शेंड्याकडच्या टोकाला ती चुन्याचा पट्टा ओढायची, कारण सोटा उलटा रोवणारे महाभागही गावात होते. खोडाला बारीक भोकं दिसली तर सोंड्या किडा. मग ते खोड जाळायचं, दयामाया नाही. बाकी सगळ्या दुखण्यांवर तिचं एकच औषध होतं. "लावलंत ना? आता विसरा. रोज हलवून बघितलंत तर ते मूळ धरणार कसं? इसोते लाडानं मरतो, उपासानं नाही."

हे सगळं ती शिकली ते पोटासाठी. अठराव्या वर्षी लग्न होऊन आली, आणि चौथ्या वर्षी नवरा रोसालिओ ऊसतोडीला म्हणून समुद्राकाठी गेला तो तिकडेच दुसरा संसार मांडून बसला. पदरात मूल नाही. हाती राहिलं ते एक झोपडं, उताराची परसबाग आणि बांधावर ओळीनं उभे एकतीस इसोते. आमच्याकडे बांधाला तारा कोण लावतो? इसोतेचे सोटे रोवायचे. तो सहजी मरत नाही, तोडला तर फुटतो, त्यामुळे बाप मेल्यावर भावाभावांत वाद झाले तर म्हातारे सांगतात, इसोतेला विचारा. कागदापेक्षा त्याची साक्ष मोठी.

त्या बांधापलीकडे फिदेलिना राहायची. फिदेलिनाच्या नेफ्तालीला बाप्तिस्म्याच्या वेळी एउदेलियानंच हातात धरलं, तेव्हापासून तो तिला माद्रीना, म्हणजे धर्माची आई, म्हणायचा, आणि त्या दोघी एकमेकींच्या कोमाद्रे झाल्या. हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी भांडता येतं, कोमाद्रेशी भांडणं पाप. फिदेलिना बाई साधी, हसरी. अंडी फोडली की टरफलं इसोतेच्या पानांच्या टोकांवर खोचून ठेवायची, पोरांच्या डोळ्यांत टोकं जाऊ नयेत म्हणून. उपासाच्या चाळीस दिवसांत झाडांना पांढऱ्या फुलांचे घोस आले की पहिला घोस एउदेलियाकडे घेऊन यायची. झाडं दोघींची, पण पहिला घोस माझ्या कोमाद्रेचा, असं म्हणायची. एउदेलिया तो अंड्यात आणि टमाट्यात परतायची आणि दोघी भाकरीशी खायच्या.

आणि या बाईशी एउदेलिया जे वागली ते सांगायला मलाही जड जातं.

नेफ्ताली सहा वर्षांचा असताना फिदेलिना राजधानीत एका घरी कामाला लागली. पोर बरोबर नेलं, घराची किल्ली आणि बांध एउदेलियाच्या स्वाधीन केला. त्या पावसाळ्यात एक खोड कुजलं. एउदेलियानं तिथं नवा सोटा रोवायला घेतला तर कुदळ खडकावर आपटली. म्हणून तिनं तो वीतभर पलीकडे, फिदेलिनाच्या बाजूला रोवला. देवाशप्पथ, पहिल्या खेपेला मनात काही नव्हतं. पण त्या वीतभर जागेत सकाळचं ऊन छान यायचं. तिथं तिनं विकायच्या रोपांच्या चार पिशव्या ठेवल्या आणि त्या तरारून आल्या.

पुढच्या वर्षी शेजारचं खोड मेलं, तेही वीतभर सरकलं. तिसऱ्या वर्षी कुठलंच खोड मरेना, तेव्हा एउदेलियानं एका चांगल्या, टणक खोडाच्या बुडाशी रोज संध्याकाळी दोन घागरी पाणी ओतलं. कुणाला कळलं असतं? गावात इसोतेचं दुखणं ओळखणारी तीच एक होती. फिदेलिना सणाला घरी आली, पिवळी पानं बघून हळहळली, तेव्हा ही म्हणाली, सोंड्या लागलाय ग, उपटावं लागेल. फिदेलिना म्हणाली, तू आहेस म्हणून बरं.

आधी एकेक, मग एकेका पावसाळ्यात कितीतरी खोडं, असं एकोणीस वर्षं चाललं. मधे फिदेलिना कायमची परत आली तरी थांबलं नाही, नुसतं सावकाश झालं. कुंपण शेत खातं म्हणतात ना, इथं ते अक्षरशः पावलं टाकत गेलं आणि चार हात जमीन गिळून बसलं. त्या चार हातांत एक जुना फुटका पाटा जमिनीत रुतलेला होता. एउदेलियाला तो काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्याखाली फिदेलिनानं आपल्या दोन्ही लेकरांच्या नाळा पुरल्या होत्या, नेफ्तालीची आणि त्याच्या आधीच्या मारुहाची. मारुहा तीन वर्षांची होऊन तापानं गेली. पाटा आपल्या बाजूला आला त्या दिवशी एउदेलियानं त्यावर रोपांच्या कुंड्या मांडल्या. मग त्या कधीच हलवल्या नाहीत.

मनाला खात नव्हतं असं नाही. दर वर्षी फुलांचा पहिला घोस दारात आला की ती आपल्या ताटातला अर्धा फिदेलिनाच्या ताटात सारायची. चर्चमध्ये पाद्र्यापुढे ती पाप कबूल करायची, पण कसं, तर खोटं बोलले म्हणून. तो बिचारा तीन प्रार्थना सांगायचा. चार हात जमिनीला तीन प्रार्थना, स्वस्तात सुटत होती बाई. पण चोराच्या मनात चांदणं. फिदेलिना बांधाशी उभी राहिली की ही कुंड्यांच्या पुढं जाऊन उभी राहायची.

गेल्या साली ईस्टर झाल्यावर नेफ्ताली बायकोला आणि वीस दिवसांच्या मुलीला घेऊन गावी आला. मुलीची नाळ गळून पडली होती, ती त्यांनी रुमालात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात जपून आणली होती. ती पाट्याखाली, बापाच्या आणि आत्याच्या नाळेशेजारी पुरायची, एवढ्यासाठी ते आले होते. फिदेलिना हरखली. कुदळ घेऊन बांधाशी गेली आणि पाटा शोधायला लागली.

दोन दिवस शोधलं. नेफ्तालीनं बांधाच्या कडेनं चर खणला. एउदेलियाही मदतीला गेली. न जाऊन कसं चालेल, ती माद्रीना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथं कळसा काखेत आहे हे ज्याला ठाऊक तोच वळसे घालतोय. ती खाली बघून माती उकरत होती आणि पाठीमागे चार पावलांवर तिच्याच कुंड्या उन्हात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी फिदेलिना खणता खणता मटकन खाली बसली. तिची आई म्हातारपणी कुणालाच ओळखेनाशी झाली होती, लेकीला मोलकरीण समजायची. ते गावानं पाहिलं होतं.

"माझंही आईसारखंच व्हायला लागलंय बघ," ती एउदेलियाला हळूच म्हणाली. "माझ्या मारुहाची जागा मी विसरले. पोराला सांगू नकोस."

एउदेलियानं मान हलवली. घरी जाऊन तिनं भाकरी टाकली आणि ती तव्यावर करपेपर्यंत तशीच बघत उभी राहिली. जमीन चोरली होती, ते एक. आता ती त्या बाईची अक्कलच चोरत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठरलं की जुनी जागा सापडत नाही तर नाही, बांधाच्या तिसऱ्या इसोतेखाली पुरू. सगळे जमले. सुनेच्या मांडीवर मुलगी झोपली होती. फिदेलिनानं कुदळ एउदेलियाच्या हातात दिली. "तू खण. तुझा हात लागला की रुजतं."

एउदेलियानं कुदळ उचलली. उचललेली खाली ठेवली.

"कोमाद्रे, इथं नाही."

"मग कुठं?"

तिनं कुंपणापलीकडे, आपल्या कुंड्यांकडे बोट दाखवलं. "तिथं. पाटा तिथं आहे. तू काही विसरली नाहीस."

फिदेलिनाला आधी कळलंच नाही. तिनं कुंड्यांकडे पाहिलं, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळी ओळ पाहिली. तिच्याआधी नेफ्तालीला कळलं. तो माद्रीनापासून दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला. एउदेलिया म्हणते, त्याऐवजी त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"तो सोंड्या किडा?" फिदेलिनानं विचारलं.

"किडा नव्हता. पाणी मीच ओतत होते."

फिदेलिना दोन खोडांमधून अंग चोरून पलीकडे गेली. कुंड्या तिनं एकेक करून स्वतः उचलल्या, कुणाला हात लावू दिला नाही. पाटा दिसला तशी ती तिथंच बसली आणि एप्रनच्या टोकानं, जेवायच्या ताटासारखा, तो पुसत राहिली. मुलीची नाळ तिथंच पुरली. पुरून झाल्यावर ती उठली, कपड्यांवरची माती झटकली आणि एउदेलियाकडे न बघता बोलली.

"निन्या एउदेलिया, हे कुंपण होतं तिथं नेऊन लावा."

निन्या. आणि लावा. पस्तीस वर्षांत ती तिला एकदाही तसं म्हणाली नव्हती.

एउदेलियानं एकतीसच्या एकतीस खोडं तोडली. नेफ्ताली मुकाट्यानं कोयता घेऊन आला होता, त्याला तिनं परत पाठवलं. कापल्या जागी राख चोळली, शेंड्यांना चुना लावला, पंधरा दिवस सोटे सावलीत आडवे ठेवले. ते पंधरा दिवस दोन घरांच्या मधे काहीच नव्हतं, नुसती उघडी माती. फिदेलिनाच्या कोंबड्या इकडे यायच्या, हिच्या तिकडे जायच्या, पण बायका आपापल्या दारात. मग जुन्या ओळीत, खडक लागला तिथं खडक फोडून, तिनं सगळे सोटे रोवले. पाऊस महिनाभरावर होता. गावातले येता जाता बघायचे, आणि बघून झालं की पुढं जायचे. इसोते पिवळा पडला तरी महिनाभर तिच्या दारात कुणी आलं नाही.

पण एउदेलियाला राहवेना. ती रोज सकाळी बांधाशी जायची, एखाद्या सोट्यावर हात ठेवायची, आणि फिदेलिना कपडे धुवायला बाहेर आली की माफी मागायची. चुकले म्हणायची. देवापुढे शपथ घेते म्हणायची. एकदा रडली. एकदा सगळ्या कुंड्या तुला देते म्हणाली. फिदेलिना ऐकायची, कपडे पिळायची आणि आत जायची.

आठव्या की नवव्या सकाळी ती कपडे पिळता पिळता थांबली.

"निन्या एउदेलिया, लावलंत ना?"

"हो."

"मग रोज येऊन हलवू नका. धरायचं असलं तर धरेल मूळ."

एउदेलियानं सोट्यावरचा हात काढून घेतला आणि ती घरी गेली.