समोरच्यांचा नवा टीव्ही

एव्हरशाईन कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या शेजाऱ्यांना अजूनही ‘कव्हरवाले’ म्हणतात. ते नाव मीच पाडलं, म्हणून ही दुसरी बाजूही मीच सांगायला हवी.

त्यांच्या सोफ्यावर, रिमोटवर, अगदी फ्रिजच्या हँडलवरही प्लास्टिक असे. कुणी हसलं की ते म्हणत, “वस्तू जपावी लागते, साहेब.”

माझ्या नातीचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हा तिच्या मामाने गेम कन्सोल पाठवला. आमच्या जुन्या टीव्हीला त्याची वायर बसेना. पोर रडवेली झाली. हे ऐकून तेच कव्हरवाले आमच्या दारात आले. “आणा तिला आमच्याकडे. नवा एचडी टीव्ही काय नुसत्या बातम्यांसाठी घेतलाय?”

कन्सोल जोडला, पण टीव्हीच्या काचेवर दुकानातलं प्लास्टिक तसंच होतं.

“आजोबा, धुरकट दिसतंय,” नात मला म्हणाली.

“अहो, काढू नका, ओरखडे पडतील,” त्यांचा हात प्लास्टिककडे जाताच त्यांची बायको म्हणाली.

“पडू देत.” त्यांनी नखाने कोपरा उचलून सगळं प्लास्टिक सोलून काढलं. गेममधलं हिरवंगार मैदान लख्ख दिसू लागलं.

पहिल्याच मॅचमध्ये नातीने त्यांना हरवलं. ते तडक गॅलरीत गेले आणि खाली बसलेल्यांना ओरडून म्हणाले, “अरे, वर या! आमच्या मजल्यावरची पोरगी कशी खेळते, बघा जरा!”