विहिरीपर्यंत सात खेपा

सेवेरो कायुल आमच्या वॉर्डात तिसऱ्यांदा आला, तेव्हा कुणी सांगायच्या आधीच सदरा काढून खाटेवर बसला. पाठीवर दोन जुने व्रण, बगलेखालून वळत खांद्याच्या पात्यामागे गेलेले. उजवा नऊ वर्षांचा असतानाचा. तेव्हा आईने आणलं होतं. डावा एकतिसाव्या वर्षीचा. त्या साली मी इथे नर्स म्हणून लागले. आता तो अठ्ठावन्नचा.

"आता कुठून कापणार, बाई?"

"उजवीकडूनच. जुन्याच जागी."

"बरंय. रस्ता माहितीचा."

पठारावर हा आजार घराघरात आहे. मेंढी कापली की तिची फुप्फुसं कुत्र्यांपुढे टाकायची, ही तिथली रीत. त्यातून कुत्र्याच्या पोटात जंत होतात, जंताची अंडी कुत्र्याच्या जिभेवरून माणसाच्या हातावर, हातावरून तोंडात जातात. मग छातीत पाण्याची पांढरी गाठ वाढत राहते. वर्षानुवर्षं. दुखत नाही, काही नाही. ती कापून काढण्यात आमच्या डॉक्टर बेल्त्रामेंचा जन्म गेला.

"फुप्फुसं उकळून घाला, असं मागच्या वेळी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"कशावर उकळू, डॉक्टरीणबाई? झाड नाही तिथं. शेणावर माते-चहापुरतं पाणी तापतं."

त्यांनी वाद घातला नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी घातला असता.

या खेपेला त्याने आणखी एक केलं होतं. जानेवारीत, म्हणजे इकडच्या उन्हाळ्यात, लोकर कातरायच्या दिवसांत, खोकल्याबरोबर त्याचं तोंड खारट पाण्याने भरलं. पाण्यात द्राक्षाच्या सालींसारखे तुकडे. छाती एकदम हलकी झाली. आजार आपला आपण बाहेर पडला असं समजून तो पुन्हा कामाला लागला, आणि एप्रिलपर्यंत कुणाला बोलला नाही. गाठ फुटली होती. तिच्या जागी पू साचला. शेवटी नुसती गाठ काढून भागलं नाही, उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग काढावा लागला.

शस्त्रक्रियेनंतर छातीतून एक नळी निघते आणि पाण्याच्या बाटलीत बुडते. फुप्फुसातून हवा गळत असेल तोवर पाण्यात बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की नळी काढायची. तोपर्यंत चालायचं, खोकायचं, बाटली छातीच्या खाली धरायची. सेवेरोचे बुडबुडे अकरा दिवस झाले तरी थांबेनात.

बाराव्या दिवशी, सेवेरो ज्याच्या हाताखाली मेंढ्या राखायचा त्या मुकादम ओब्दुलिओचा निरोप आला. तो गुरुवारी येणार होता. हिवाळा तोंडावर होता, आणि पठारावरच्या मेंढ्यांच्या ठाण्यावर सेवेरो एकटा राहू शकतो का, ते त्याला बघायचं होतं. नसेल जमत, तर दुसरा गडी. त्या ठाण्यावर सेवेरोची तीस वर्षं गेली होती. बायको नव्हती, मुलं नव्हती.

"हा बोळ किती पावलांचा?" त्याने मला विचारलं.

"मोजला नाही कधी."

"मी मोजला. बेचाळीस. माझ्या दारापासून विहीर तीनशे पावलं. म्हणजे सात खेपा."

"आणि येताना भरलेली बादली?"

"ही आहे की," असं म्हणून त्याने बाटली उचलली.

पहिल्या दिवशी दोन खेपा. दुसऱ्या दिवशी तीन. मी शेजारून चालायची, नळीकडे लक्ष ठेवून. तो भिंतीला हात लावायचा नाही. शेजारच्या खाटेवरचा तोर्रेस ओरडायचा, "म्हाताऱ्या, मेंढरं पुढं गेली बघ." सेवेरो उत्तर द्यायचा नाही, दम वाचवायचा. बुधवारी पाच झाल्या. सहाव्या खेपेला अर्ध्यावर ओठ निळे पडले, मी खुर्ची ओढली. तो बसला.

"उद्या होतील," तो म्हणाला.

उद्या होणार नव्हत्या. कापलेलं फुप्फुस परत येत नाही. ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गुरुवारी ओब्दुलिओ टोपी हातात घेऊन दारात उभा राहिला. त्याला आत येऊ न देता सेवेरो स्वतः उठून दारापर्यंत गेला. दाढी केली होती, सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावली होती.

"कसं काय, सेवेरो?"

"झक्कास. सोमवारी नळी काढतील. मग हिवाळ्यापुरत्या शेण्या..." तिथे त्याचा श्वास संपला. तोंड उघडं राहिलं आणि वाक्य पुढे जाईना. ओब्दुलिओने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. तो वाईट माणूस नाही. पुढचा शब्द येईपर्यंत तो थांबला, पण शब्द आला नाही.

"कुत्र्यांचं काय करू?" शेवटी त्यानेच विचारलं.

सेवेरोने दाराच्या चौकटीला हात टेकवला.

"कुत्री ठेव. मेंढ्या वितात तेव्हा चांगली आहे. काळा... दुसऱ्या कुणाचं ऐकायचा नाही. त्याला पुतण्याकडे, धाकट्या कायुलकडे दे."

ओब्दुलिओने मान हलवली, त्याच्या खांद्याला हात लावला आणि गेला. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आम्ही दोघांनी ऐकला.

संध्याकाळी मी नेहमीच्या वेळेला येऊन बाटली उचलली. बुडबुडे आता क्वचित येत होते. चालणं सोडून चालणार नव्हतं.

"चला, सेवेरो."

"कुठे?" तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

"दाराशी जाऊन परत," मी म्हटलं. त्याने पाय खाली सोडले आणि चपला शोधायला लागला.