अण्णांच्या रक्ताचं गारेगार

मी आमच्या थोरल्या भावाच्या रक्ताचं गारेगार केलं, ही गोष्ट खरी आहे. पण हेतू चांगला होता!

अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं. त्याआधी रक्ततपासणी हवी, आणि अण्णांना सुईची भलतीच धास्ती. "एकदाच टोचून घेईन," त्यांनी जाहीर केलं. "दुसऱ्यांदा सुई दिसली तर ऑपरेशन बी न्हाई अन् काय बी न्हाई!"

पाटोद्याच्या सिस्टरनं कसंबसं रक्त घेतलं, बर्फाच्या पिशव्या लावलेल्या डब्यात नळ्या नीट ठेवल्या आणि मला बजावलं, "डबा उघडू नका. थेट बीड!" तिथल्या लॅबमध्ये माझी लेक प्रज्ञा टेक्निशियन. (घराण्यातली पहिली! पाटोद्यात सगळ्यांना सांगून झालंय, काहींना दोनदा.)

पण मला कोण शिकवणार? पंचवीस वर्षं दूध संकलन केंद्रावर काढलेला माणूस मी! दूध जितकं गार, तितकं टिकतं. वाटेत लिंबागणेशला ऊन असं लागलं, की डब्यावरचा माझा विश्वासच उडाला. ओळखीच्या कोल्ड्रिंकवाल्याला म्हटलं, "या नळ्या जरा फ्रीजरमदी ठेव."

"काय हाय मामा?"

"आमचे अण्णा हायेत!"

तेवढ्यात व्याही भेटले. दोन लस्स्या झाल्या, तास गेला.

लॅबमध्ये प्रज्ञानं नळी उजेडाला धरली. "पप्पा, हे गोठवलं कुणी? गोठलं की रक्तातल्या पेशी फुटतात. रिपोर्ट चुकीचा येईल."

"अगं, घरचंच रक्त हाय, घे की चालवून!"

"घरचं असो न्हाईतर कलेक्टरचं. खराब नमुना मी घेणार न्हाई."

चार पेशंटांसमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगतो, त्याच क्षणी छातीही फुगली.

ड्यूटी संपताच तिनं स्कूटी काढली आणि थेट पाटोदा गाठलं. मी मागे बसून.

दुसऱ्या सुईचं नाव काढताच अण्णा उठून चालायला लागले, पण पुतणीपुढं त्यांचं काही चालेना. त्यांनी डोळे गच्च मिटले. "घे बाई. पण तुज्या बापाला डब्याला हात लावू देऊ नको!" मग जरा वेळानं, "कावून थांबलीस? टोच की!"

"झालं, अण्णा."

अण्णा हाताकडे बघतच राहिले. "लई हलका हात हाय पोरीचा!" मी तर अख्ख्या गल्लीला ऐकवून आलो.

नवा नमुना तिनं स्वतः बीडला नेला, ऑपरेशन ठरल्या दिवशी पार पडलं. रक्त वाहून न्यायचं काम आता माझ्याकडे एवढंच उरलंय: स्वतःचं, स्वतःच्या अंगात. आणि तेही, प्रज्ञाची सक्त ताकीद आहे, उन्हात टोपी घालून!