गेटवरचा फौजदार

त्या दिवसाची मला अजून चीड येते. प्राचार्यांची येते, समितीची येते आणि सगळ्यात जास्त माझीच येते. परभणीत पंचवीस वर्षं मी समाजशास्त्र शिकवलं. संस्कृती आणि विषमता हा माझा हातखंडा विषय. कुणाची कला रंगमंचावर जाते आणि कुणाची दारोदार मागत फिरते, हे सांगायला लागले की मला तास पुरायचा नाही. आणि वेळ आली तेव्हा मी काय दिवे लावले, ते ऐका.

एम.ए.ला ताडकळसकडचा एक विद्यार्थी होता. बाप बहुरूपी. खाकी वर्दी चढवून बाजारच्या दिवशी दुकानांपुढं उभं राहायचं, खोटं वॉरंट काढायचं, माणसं हसली की देतील ते घ्यायचं. पोरानं त्यावरच शोधनिबंध लिहिला होता. लोक हसून पैसे देतात, पण बसायला सांगत नाहीत, असं त्यात एक वाक्य होतं. इतकी वर्षं पुस्तकं घासून मला ते सुचलं नव्हतं.

कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती. आमच्या विभागाला पंधरा मिनिटं मिळाली. त्यात हाच निबंध वाचायचा, असं मी ठरवलं. पोरगा लय खूश झाला. त्यानं बापालाही ऐकायला बोलावलं.

आदल्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "मॅडम, पाहुण्यांच्या स्वागताला लोककला पाहिजे. तुमच्या त्या पोराला बापाच्या वेशात गेटवर उभा करा ना."

नाही म्हणायला माझं काय जात होतं? पण मी म्हणाले, "छान होईल, सर." एवढ्यावर थांबले असते तरी बरं. पोराला वर अक्कल शिकवली, की आपल्या परंपरेची लाज कसली, अभिमान पाहिजे.

तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, वाचायला तर मिळंल ना?"

"मिळेल की."

सकाळी बाप पहिल्या बसनं वर्दी घेऊन आला. ढगळ वर्दीत पोरानं गेटवर समितीची गाडी अडवली. "साहेब, उशिरा आल्याबद्दल वॉरंट हाय तुमच्यावर." पाहुणे खूश. मोबाईल निघाले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

विभागात समिती आली तेव्हा तो कपडे बदलून, कागद घेऊन उभा होता. बाप इस्त्रीचा पांढरा सदरा घालून शेवटच्या बाकावर बसला होता. अध्यक्षांनी पोराला ओळखलं. "अरे, हा तर सकाळचा फौजदार. वाचन राहू दे, ते फाईलला लावा. वॉरंटचं पुन्हा एकदा होऊन जाऊ दे."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी एक शब्द बोलले असते तरी भागलं असतं. प्राचार्य डोळ्यांनी खुणावत होते. मी मान डोलावली.

त्यानं कागद टेबलावर ठेवले आणि करून दाखवलं. सगळे पोट धरून हसले. चहा आला आणि आमची पंधरा मिनिटं संपली.

व्हरांड्यात बाप माझ्यापाशी आला. "मॅडम, हे तर मी रोजच करतो की. पोरगं वाचणार म्हणून आल्तो."

"वेळ पुरला नाही, मामा," असं म्हणून मी समितीच्या पंगतीकडं निघाले. त्या बापलेकांना जेवायला थांबा म्हणायचंही मला सुचलं नाही.