घरची हळद, मोंढ्याची हळद

बहीण नांदेडला एम.एस्सी. करते. गेल्या उन्हाळ्यात ती अहमदपूरला माझ्याकडे आली ती कॉलेजातला एक प्रयोग घेऊन. चिमूटभर हळद पाण्यात कालवायची, वर औषधाचे थेंब टाकायचे, आणखी पाणी घालायचं आणि फोनने फोटो काढायचा. रंगावरून फोन सांगतो, हळद चांगली की भेसळीची. भेसळ असली की पडद्यावर लाल खूण.

आमच्या डब्यातली हळद लाल निघाली.

गावाकडची संपली म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली होती. लेकीला खोकला झाला की तीच हळद दुधात घालून पाजत होतो. बायकोने डबा तिथल्या तिथं रिकामा केला. त्या दुकानदाराशी मी बोलणंच सोडलं. तो लांबून रामराम घालायचा, आणि मला वाटायचं, एवढं गोड बोलतोय म्हणजे याला सगळं माहीत असणार.

रविवारी मी आणि बहीण गावी आई-आबांकडे गेलो. आमची हळद शेतात शिजते, अंगणात वाळते. आईने घरासाठी दळलेली हळद पुढे केली. हिरवी खूण आली.

"घरची हाय ती," आबा म्हणाले. "तिला काय हुतंय!"

ओसरीवर मोंढ्याच्या बाजारात विकायला जायची पोती रचलेली होती. बहिणीने सहज एक हळकुंड काढून, कुटून तपासलं. लाल. आपलंच काही चुकलं असं वाटून तिने दुसऱ्या पोत्यातलं घेतलं. पुन्हा लाल.

आबा हसले. "त्या फोनला काय कळतंय हळदीतलं?"

"आबा, रंग लावलाय का याला?" बहिणीने विचारलं.

"पॉलिशला हळकुंडं ढोलात फिरवत्यात, तवा ढोलवाला टाकतोय. समदेच टाकत्यात. पिवळीधम्मक दिसली न्हाई तर व्यापारी हात लावत न्हाई."

"मग घरची का नाही टाकली त्या ढोलात?"

आई उठून आत गेली. घरची हळद दरवर्षी आधीच वेगळी काढून ठेवते ती आईच. तिच्या पाठीकडे बघताना ते माझ्या ध्यानात आलं.

"दुसऱ्याच्या घरी लेकरं न्हाईत का, आबा?" बहीण म्हणाली.

"तुझं शिक्षण ह्याच हळदीवर हुतंय," आबा ओरडले.

तिने बाटल्या पिशवीत भरल्या. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

काही दिवसांनी आबांचा फोन आला. "हळद धुतली, परत वाळवली. बिनरंगाची घातली मोंढ्यावर. भाव पडून भेटला."

"बरं केलं," मी म्हणालो. फोन ठेवून बायकोला विचारलं, "खरं असेल का?"

"मला काय विचारता? वडील तुमचे."

यंदा हळद निघाल्यावर गावी गेलो. बहिणीने औषधाची बाटली माझ्याकडे देऊन ठेवली होती, माझ्या फोनवर तपासायची सोयही करून दिली होती. आबांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि स्वतःच वरच्या पोत्याचं तोंड सोडलं. "बघ की तपासून."

तपासलं. हिरवी खूण. आबा समाधानाने चहाला बसले. आईने मलाही हाक मारली.

"आलोच," म्हणालो, आणि अगदी खालच्या पोत्याची शिवण उसवायला लागलो.