न बोलता दिलेला शह

आमच्या गल्लीतल्या कुकरच्या शिट्ट्या नानासाहेब मोजतात. शेंद्र्याच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासला. रिटायर झाले आणि तपासणी घरी घेऊन आले. गॅसचं बटण, गेटची कडी, भाजीतलं मीठ. विचारलं की एकच उत्तर, "चेक करतो." माझी दुधाची पिशवीसुद्धा दाबून बघतात. मी आता आपणहूनच पुढं करतो.

आम्हाला करमणूक होती, पण सून दीपमाला वैतागली. ऑफिसला निघताना तिचा डबा रोज उघडून बघायचा म्हणजे काय! तिनं नवऱ्याला, विश्वजीतला, सांगून टाकलं, "करमाडला खोली बघा." रविवारी सामान हलणार होतं. नानासाहेबांना जेवण गोड लागेना.

तरी संध्याकाळी दारापुढच्या ओट्यावर बुद्धिबळाचा पट मांडलाच. समोर इंग्रजीचे रिटायर मास्तर अप्पाराव. दोघांचा जुना नियम, शह तोंडानं सांगायचा. नाहीतर चाल मागं. त्या दिवशी नानासाहेबांनी वजीर मुकाट्यानं सरकवला.

"शह बोलला नाय तुम्ही. घ्या मागं."

"दिसत नाय का तुला?"

"दिसतंय. पण सांगायचं ऱ्हायलं. नाना, तुमचं ते चेक बी इथलंच हाय. फारसीतला शाह, म्हणजे राजा. अरबांकडून फ्रेंचांकडं गेला, तिथून इंग्रजीत. आधी ती पटावरची हाक होती, तुझा राजा सांभाळ! मग त्याचा अर्थ झाला अडवणं, अन् लई उशिरा तपासणं."

"म्हंजे आधी हाक?"

"व्हय. समोरच्याला सावरायला वेळ मिळावा म्हणून."

मी म्हटलं, "नानासाहेब, तुमचा वजीर तर हाक न देताच स्वयंपाकघरात फिरतो!" हसले नाहीत. वजीर उचलून मागच्या घरात ठेवला.

सकाळी खिडकीतून मला सगळं दिसलं. खिडकी उघडीच होती, मी काय करणार! नानासाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभे, हात पाठीमागं.

"दीपमाला, शह."

रोज संध्याकाळी ओट्यावरून ऐकलेला शब्द. तिला कळायला वेळ लागला नाही. "कशाला?"

"डब्याला."

तिनं झाकण दाबून लावलं, डबा पिशवीत टाकला. "हलवला राजा, मामा."

"बरं," म्हणाले, आणि खरंच मागं फिरले.

चार दिवस हेच चाललं. रविवारी विश्वजीत खोक्यांच्या सुतळ्या सोडत होता. भांडी फळीवर लावता लावता दीपमाला म्हणाली, "मामा, मुकाट्यानं आलात तर चाल मागं घ्यायची हां."

"घेतो की," नानासाहेब उंबऱ्यावरूनच म्हणाले.